राखून ठेवलेला नंबर

"आधी हाक मार," सर म्हणायचे आणि दोन बोटांनी टेबलावर चार टिचक्या वाजवायचे. "मग रडत ये."

नेट बंद पडलं म्हणून कोणी तोंड पाडून आलं की त्याचं स्वागत हे असं व्हायचं. पोरगं सांगत असायचं, "सर, काल चालत व्हतं, आज कायच होत न्हाय," आणि सर टिचक्या वाजवत असायचे. पिंग नावाची जी आज्ञा असते, तिला त्यांनी हाक करून टाकलं होतं. आपल्या मशीननं दुसऱ्या मशीनला हाक मारायची. ते जागेवर असलं तर ओ देतं. ओ आली म्हणजे वायर धड, वाट मोकळी, पलीकडचा जागा. नाही आली तर मग शोधायला लागायचं, कुठे काय तुटलंय. संगणक एका दमात चार हाका मारतो, म्हणून टिचक्याही चार.

आमच्या चौलच्या पोरांना हे फार समजवावं लागत नसे. इकडच्या वाड्या तुम्ही पाहिल्या असतील. रस्त्याला बेडं, म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक, आणि तिथून नारळी-पोफळींमधून आत गेलेली चिंचोळी वाट. घर कुठेतरी पार आत. बेल कोण लावतंय तिथे? बेड्याशी उभं राहायचं आणि हाक मारायची. ओ आली तर आत जायचं, नाहीतर आल्या पावली परत.

मी त्याच क्लासात टायपिंग शिकवायचे. क्लास म्हणजे सरांच्या घराची पडवी. पुढचा अर्धा भाग माझा, मागचा त्यांचा, मधे प्लायवूड. त्यांचं नेटवर्किंग मला ऐकू यायचं आणि माझं ओरडणं त्यांना. त्यात माझा एक कोर्स फुकटात झाला आणि त्यांना एक उदाहरण मिळालं. हब आणि स्विच यांतला फरक सांगताना ते म्हणायचे, "हब म्हणजे आमच्या टायपिंगच्या बाई. एकाला सांगायचं ते अख्ख्या पडवीला ऐकवणार. स्विच म्हणजे आमच्या घरातली. ज्याचं त्यालाच सांगणार, शेजारच्याला पत्ता लागू देणार नाही." पोरं फिदीफिदी हसायची. मी प्लायवूडवर पट्टी आपटून म्हणायचे, "सर, हब बंद पडला तर तुमची पोरं वेळेवर आणून कोण बसवणार?"

उंच, किडकिडीत माणूस. कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाऐवजी खोडरबर. आमच्या खाऱ्या वाऱ्यानं इथे सगळंच गंजतं, मशीनच्या पोटातलंसुद्धा. एखादं सुरू होईना की सर ते उघडायचे, आतली पट्टी काढून तिची पिवळी कड खोडरबरानं घासायचे, फुंकर मारायचे आणि परत बसवायचे. निम्मी दुरुस्ती त्यातच व्हायची. मी एकदा म्हणाले, "आमच्या ह्यांनाही घासून द्या एकदा." त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, त्याला आधी बंद करावं लागतं."

पॅकेटचा धडा आला की सर न्हावा शेव्याला जायचे, म्हणजे तोंडानं. "कंटेनर बघितलास? वर लिहिलेलं असतं, कुठून निघाला, कुठे जायचा. ओढणाऱ्याला आत काय ते ठाऊक नसतं. एक मोठी फाईल म्हणजे असे पुष्कळ डबे. प्रत्येक डबा वेगळ्या वाटेनं जाईल, मागचा पुढे पोचेल, एखादा वाटेत गायब होईल. पलीकडचा ते जुळवून बघतो. कमी पडलं तर म्हणतो, अमुक डबा मिळाला नाही, परत पाठव. आणि इकडचा पाठवतो. नेटवर्कात हरवलेलं परत मागता येतं." हे शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणायचे.

क्लासची बहुतेक पोरं न्हावा शेव्याच्याच आशेवर यायची. बंदरात कॉम्प्युटरवर नोकरी, एसीत बसायचं. सर जीव तोडून शिकवायचे. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू, एसीत बसलेला एकही मला आठवत नाही. बरीचशी ट्रेलरवर गेली. त्यातला एकजण सुट्टीत भेटायला आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही पॅकेट शिकवलंत, आता मी तेच ओढतो." सर हसले. तो गेल्यावर बराच वेळ खोडरबर बोटांत फिरवत बसले.

पण त्यांचा खरा आवडीचा धडा म्हणजे आयपी, मशीनचा नंबर. "एसटीचं रिझर्वेशन केलंस, एक सीट मिळाली. उद्या त्याच सीटवर दुसरा बसेल. सीटचा नंबर तुझा का? नाही. नंबर जागेचा, माणसाचा नाही. हे ज्याला कळलं त्याला नेटवर्क कळलं." घरात नेट देणारा जो पांढरा डबा असतो, राऊटर, तो हे नंबर वाटतो. तेही मुदतीनं. मुदत संपली आणि माणूस दिसला नाही, की तोच नंबर दुसऱ्याला. "मशीनची स्वतःची खूण वेगळी," सर सांगायचे. "ती कारखान्यातूनच येते, आपल्या जन्मखुणेसारखी. राऊटरला सांगून ठेवायचं, ह्या खुणेचा आला तर त्याला हाच नंबर दे, मधे दुसऱ्या कोणाला देऊ नको. मग तो नंबर राखीव राहतो. कितीही दिवस."

एकदा मेहरुन म्हणून एक मुलगी होती, रेवदंड्याची, वडील कुवेतला, भारी चौकस. तिनं विचारलं, "सर, एक नंबर राऊटरचा. आमच्या मशीनी दहाच्या पुढं. मग दोन नंबर कोणासाठी ठेवलाय?" प्लायवूडच्या अलीकडे माझ्या पोरांची टकटक थांबली. गावातल्यांना ठाऊक होतं. सर म्हणाले, "आमच्या नंदूच्या मोबाईलचा आहे तो. आला की लागेल त्याला." आणि धडा पुढे चालू केला. मेहरुनला घरी जाऊन कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिनं सरांसाठी सांदणांचा डबा आणला आणि टेबलावर ठेवला.

नंदू सरांचा मुलगा. घरात नेट आलं तेव्हा राऊटर त्यानंच लावला होता. "बाबा, एक नंबर ह्या डब्याचा, दोन नंबर माझा. तुम्ही कितीही मशीनी आणा, माझ्या मागे रांगेत." असं म्हणून आपल्या मोबाईलला त्यानं तो नंबर राखून टाकला. वडिलांच्याच क्लासात शिकला, त्यालाही बंदरात कोणी घेतलं नाही, मग एजंट गाठून आखातात गेला. तिथे तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या एका छोट्या बोटीवर होता. खराब हवेत ती बोट उलटली. काही माणसं जिवंत सापडली, काहींची नुसती शरीरं. नंदू दोन्हीत नव्हता. कंपनीच्या निरोपात शब्द होता, बेपत्ता. सर मला म्हणाले, "बेपत्ता कसा, बाई? पत्ता तर मी राखून ठेवलाय." मी एवढी हब, पण त्या दिवशी नुसती मशीनींवरची कापडं नीट करत राहिले.

तेव्हापासून रोज क्लास सुटला की सर दोन नंबरला हाक मारायचे. पोरं सायकली काढत असायची, मी मशीनींवर कापडं घालत असायचे. त्या वेळी टिचक्या नसायच्या. नुसते पडद्याकडे बघत बसायचे. एखादं नवीन पोरगं मागून डोकावून म्हणायचं, "सर, रिप्लाय आलाय की." तेव्हा सर शांतपणे सांगायचे, "नीट वाच. रिप्लाय कोणाकडून आलाय? आपल्याच मशीनकडून. घरातल्या घरात हाक मारली आणि तो नसला, की आपलंच मशीन आपल्याला सांगतं, तिथे पोचता येत नाही." त्यांच्या आवाजात काही फरक पडायचा नाही. तेच मला सहन व्हायचं नाही.

सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, हे अजिबात पसंत नव्हतं. "दिवेलागणीला कोणाला हाका मारू नयेत," त्या आतून म्हणायच्या. "भलतंच कोणीतरी ओ देतं." सर म्हणायचे, "अगं, भूत तीनच्या वर हाक मारत नाही. आपण चार मारतो. नंदूला कळेल, घरचंच माणूस आहे." यावर वहिनी देवापाशी दिवा लावायला निघून जायच्या.

वहिनींचं म्हणणं साधं होतं. मुलगा गेला, आता त्याचं करायला हवं. भटजींना त्या विचारून आल्या होत्या. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि पुढचे सगळे विधी होतात. सर ऐकायला तयार नव्हते. एका पितृपक्षात मी माझ्या कानांनी ऐकलं. वहिनी म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या गेलेल्यांची पानं मांडते मी. ह्याचं मांडू की नको, तेवढं सांगा."

"जिवंत माणसाचं पान मांडतात का?"

"मग जेवायला तरी बोलवा त्याला."

त्यावर सर उठून विहिरीकडे गेले. त्या दिवशी क्लास झाला नाही.

नंतर वहिनींनी मला गाठलं. "बाई, तुमचं ऐकतील ते. पोराचा जीव कुठे खोळंबला असेल हो. त्याला वाट मोकळी करून द्यायला नको का?" मी सरांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "आणि मी तो नंबर सोडून दिला नि त्याच दिवशी तो आला तर? दारात उभा राहील आणि घर म्हणेल, तुझी जागा दिली दुसऱ्याला." मला राग आला. वाटलं, तोंडावर सांगावं, सर, तो मोबाईल समुद्राच्या तळाशी आहे. पण जीभ रेटली नाही. तुमचीही रेटली नसती.

मग तो दिवस आला. पावसाळा सरता सरता वीज कडाडली आणि सरांचं नेट बंद पडलं. राऊटरच जळाला होता, पण ते नंतर कळलं. सर डोळे तपासायला अलिबागला गेले असताना नेटवाल्यांची पोरं आली, माजघरात कपाटावर त्याच रंगरूपाचा नवा डबा ठेवून, चालू करून गेली. सर परत आल्यावर वहिनी म्हणाल्या, "नेट लागलं, पोरं येऊन गेली." सरांना वाटलं, वायर जोडून गेली असतील. क्लास झाला, पोरं गेली. मी कापडं घालत होते.

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. "बाई," सर म्हणाले, "जरा इकडे या."

मी गेले. पडद्यावर दोन नंबर होता, आणि त्याच्याकडून ओ येत होती. आपल्या मशीनकडून नाही, दोन नंबरकडून. सरांनी हाक चालू ठेवली होती, ओळीखाली ओळ पडत होती, एकही न चुकता. सर म्हणाले, "किती पटकन येतेय बघा. म्हणजे जवळ आहे. अगदी घरापाशी." त्यांनी माझं मनगट धरून मला पडद्याजवळ ओढलं.

ते अनवाणी बाहेर पडले. बेडं उघडून रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. मग मागे वळून वाडीत शिरले, विहिरीला वळसा घालून, पोफळींमधून थेट समुद्राकडच्या कुंपणापर्यंत. "नंदू," ते हाक मारत होते. "अरे नंदू." मी पदर खोचून मागे धावत होते. आणि खरं सांगते, मीही विश्वास ठेवला. त्या पोफळींमधून तो आता बाहेर येईल आणि म्हणेल, काय बाई, अजून ओरडता का तेवढंच, असं मला अगदी वाटलं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या घरात कधी झाला नसेल.

हाका ऐकून वहिनी पायरीवर आल्या. खांबाला धरून उभ्या राहिल्या. पुतळा करू या म्हणून मागे लागलेली ती बाई, पण तोंडातून एकच शब्द आला. "आला?"

"ओ देतोय," सर म्हणाले. "चल, तुला दाखवतो."

आम्ही तिघं पडद्यापुढे उभे राहिलो. ओ बंद झाली होती. खाली नुसत्या आपल्याच मशीनच्या ओळी होत्या, तिथे पोचता येत नाही, तिथे पोचता येत नाही. सर बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. एखादं मशीन बिघडलं की व्हायचा तसा, मास्तरांचा झाला.

"तू आत काय करत होतीस?" त्यांनी विचारलं.

"टीव्ही बघत होते."

"मग?"

"तुमच्या हाका ऐकल्या, बंद करून आले." वहिनी खोलीतून उठताना भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय कधी उठत नसत.

"लाव परत."

वहिनी आत गेल्या. थोडा वेळ काही झालं नाही. मग ओ यायला लागली.

"बंद कर," सर म्हणाले. ओ थांबली. "लाव." सुरू झाली. एक गोष्ट बंद करायची, बघायचं, परत लावायची. बिघाड शोधायची हीच रीत त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना शिकवली होती. त्यांनी ती शेवटपर्यंत नीट पार पाडली आणि मग पडलेली खुर्ची उचलून तिच्यावर बसले.

नव्या डब्याला जुन्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं पहिल्यापासून वाटायला घेतलं. एक स्वतःला ठेवला, आणि पहिला समोर आला सरांच्या लेकीनं पनवेलहून पाठवलेला नेटवरचा टीव्ही, त्याला दोन दिला. इतकं सोपं होतं. मला कळायला हवं होतं, सरांना तर हवंच होतं.

"नंबर जागेचा," सर म्हणाले. पुढचं म्हणाले नाहीत.

वहिनी दारात उभ्या होत्या. "मी टीव्ही लावायला नको होता का हो?"

"नाही गं. तुझं काय चुकलंय त्यात." मग मशीन बंद करून म्हणाले, "भटजींना निरोप धाड."

खाडीच्या काठी विधी झाला. दर्भाचा पुतळा एवढासाच असतो. लहान बाळासारखा उचलावा लागतो, आणि सरांनी तसाच उचलला, डोक्याखाली तळहात देऊन. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. वहिनी तिकडे बघतच नव्हत्या, त्या समुद्राकडे बघत होत्या. मी रडले. मला लाज वाटत नाही.

पुढे क्लास पुन्हा सुरू झाला. सरांनी डोक्यावरचे केस उतरवले होते, टोपी घालून यायचे. मी एकदा धीर करून म्हणाले, "सर, त्या टीव्हीला दुसरा नंबर देऊन टाका ना."

"असू दे त्याच्याकडे," ते म्हणाले. "आता कोणासाठी राखायचा?"

मला वाटलं, संपलं एकदाचं. पण त्याच दिवशी क्लास सुटल्यावर पाहिलं तर सर पुन्हा बसलेले, दोन नंबरला हाक मारत. ओ येत होती. त्यांना माहीत होतं कोणाची येते. मी मागे उभी आहे हे कळल्यावर मान न वळवता म्हणाले, "कोणाची का असेना, बाई. येते तरी."

मला हे वहिनींपासून लपवावं असं वाटत होतं. एका संध्याकाळी पाणी प्यायला आत गेले. माजघरात टीव्ही चालू होता, आवाज पूर्ण बंद. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती. वहिनी त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "वहिनी, बटण बंद करू का? कोणी बघत नाहीये."

"नको," वहिनी म्हणाल्या. "त्यांची हाक मारायची वेळ झाली."

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पोरं मोबाईलवरच शिकायला लागली, मागची पडवी रिकामी झाली, मग पुढचीही. एका सकाळी सर अंघोळीला म्हणून विहिरीकडे गेले आणि तिथेच छातीला हात लावून बसले, ते उठले नाहीत. त्यांचं पान मांडायला मात्र वहिनींना कोणाला विचारावं लागलं नाही.

वहिनींना लेक पनवेलला न्यायला आली तेव्हा मशीनी आवरायला मी गेले होते. सामान टेम्पोत चढलं होतं, टीव्ही खोक्यात बांधलेला. कपाटावर राऊटरचे दिवे अजून लुकलुकत होते. सरांचं मशीन तेवढं काढायचं राहिलं होतं. ते सुरू करून मी त्यांच्या खुर्चीवर बसले. का बसले ते सांगता येणार नाही. टेबलावर चार टिचक्या वाजवल्या आणि दोन नंबरला हाक मारली.

पडद्यावर रिप्लाय आला. मी खुर्ची पुढे ओढली. मग सरांनी शिकवलं होतं तसं नीट वाचलं, कोणाकडून आलाय ते.

वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, मेन स्विच बंद करायला. "आली का ओ?" त्यांनी विचारलं.

"आपलीच आहे, वहिनी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि स्विच खाली ओढला.